डावीकडे ओढणारा लॅपटॉप

आमच्या घरात कोणतीही वस्तू ट्रायल घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नसे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सत्तावीस वर्षं परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात लाल गाडी चढवून-उतरवून ती खोड त्यांच्या हाडात भिनली होती. ड्युटीवर गेले की आधी गाडीभोवती एक चक्कर मारायची, चाकांवर टॉमीची लोखंडी दांडी आपटून आवाज ऐकायचा, ब्रेक दाबून पाहायचा, हॉर्न वाजवायचा आणि मगच सीटवर बसायचं. हाच कायदा त्यांनी घरालाही लावला. आईनं मिक्सर घ्यायचं ठरवलं तेव्हा भर दुकानात त्यांनी त्याला कान लावला, ‘बेअरिंग बोलून राह्यली’ असा निकाल दिला आणि दुकानदाराला दुसरा खोका फोडायला लावला. ताईला पाहायला मुलगा आला तेव्हा तर कमाल झाली. चहा-पोहे उरकल्यावर बाबा त्याला म्हणाले, ‘चाला, जरा बाजारातून येऊ,’ आणि त्याला स्कूटर चालवायला देऊन स्वतः मागे बसले. अर्ध्या तासानं परत आले ते आईला स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, ‘पोट्टा चांगला हाये. ब्रेक आस्ते दाबते.’ लग्न ठरलं. भाऊजींनी आजवर ताईला मोठ्या आवाजात काही बोललेलं मी ऐकलं नाही, तेव्हा बाबांच्या त्या परीक्षेला नावं ठेवायची माझी हिंमत होत नाही.

घर दोन खोल्यांचं. मागे आरामशीन होती, सागाचे ओंडके चिरण्याचा आवाज दिवसभर चालायचा आणि भाकरी थापण्याचा आईचा ताल त्यातच मिसळून जायचा. ज्या दिवशी आरामशीन बंद, त्या दिवशी आम्हाला करमत नसे. बाबांची सुट्टी असली की आई गोळ्यांची कढी करायची, सोबत ज्वारीची भाकर आणि ओल्या मिरचीचा ठेचा. बाबा पोटभर जेवून बाजेवर आडवे व्हायचे आणि झोपेतही गाडी चालवायचे. उजवा पाय हळूच दाबला जायचा, डावा हात गिअर शोधायचा. आई म्हणायची, ‘घाट लागला वाटते. मुकाट बसा, नाहीतर तिकीट फाडतीन.’ आम्ही बहीणभाऊ तोंड दाबून हसायचो. आता दुपारी मला डुलकी लागली की माझी मुलगी सांगते, झोपेत माझी बोटं टाइप करत असतात. ज्याचं त्याचं वाहन वेगळं, एवढंच.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. हिवरखेडला आमची वाट्याची जमीन काका कसायचे. एका साली पाऊस दडी मारायचा, दुसऱ्या साली बोंडात अळी निघायची. पेपरात रोज काय यायचं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यात मी भर घालत नाही. बाबांना मात्र पेपर वाचायची गरज नसायची. गाडीत एकाच गावची पाच-सात माणसं चढली, सगळ्यांच्या टोप्या नीट, पिशव्या रिकाम्या आणि कोणी कोणाशी बोलत नाही, असं दिसलं की त्यांना कळायचं, ही माणसं कोणाच्या तरी मातीला निघालीत. त्या दिवशी घरी आले की ते हात-पाय धुऊन बराच वेळ ओट्यावर बसत. काकांना आठवड्यातून दोनदा फोन करायचा हा त्यांचा नेम त्याच वर्षांतला. बोलायचे काय, तर म्हशीचं कसं आहे आणि नातवाचं जावळ कधी काढायचं. पण काकांचा आवाज ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. आमची आणि काकांची, दोन्ही घरं तेव्हा बाबांच्या त्या एका सीटवर चालली होती.

आणि अशा वेळी मला पाहिजे होता रेसिंगचा खेळ चालणारा लॅपटॉप.

मी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मेकॅनिकलला. होस्टेलवर शेजारच्या खोलीत एकाकडे कॉम्प्युटर होता, त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता. साधासुधा नव्हे. टायर तापले की गाडी घसरायची, पेट्रोल कमी झालं की हलकी व्हायची, वळणावर ब्रेक अर्धा क्षण उशिरा दाबला की थेट खडीत. मी त्या खेळापायी वेडा झालो होतो. पण दहा पोरांत एक मशीन, माझा नंबर यायचा तो सगळे जेवायला गेल्यावर. लॅपटॉप कॉलेजला लागतच होता हे खरं. पण साध्या लॅपटॉपवर हा खेळ अडखळत चालायचा. त्याला वेगळं ग्राफिक कार्ड पाहिजे, रॅम दुप्पट पाहिजे, पंखा दमदार पाहिजे. ही यादी मी सबमिशनपेक्षा जास्त मन लावून पाठ केली होती. घरी मी सांगितलं, ‘बाबा, आमाले सिम्युलेशन हाये. गाडी रस्त्यावर कशी पळते ते कॉम्प्युटरवर पाहा लागते. त्याले भारी मशीन लागते.’ यातला शब्दन् शब्द तसा खराच होता, म्हणूनच ती थाप इतकी पक्की बसली.

बाबांचा चेहरा उजळला. ‘म्हंजे गाडी चालवाचंच शिकवते तुमच्या कॉलेजात?’

‘तसंच समजा.’

‘मंग मी येतो सोबत. गाडीचं तुले काय समजते?’

झालं. पैशाची सोय त्यांनी केली आणि ट्रायल घेण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला.

अमरावतीतलं पहिलं दुकान गार हवेचं, काचेच्या दाराचं होतं. टाय लावलेल्या विक्रेत्यानं लॅपटॉप उघडला, मी त्याच्या कानाला लागून तो खेळ सुरू करायला सांगितला. बाबांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की त्यांचं नाक पडद्याला लागतं की काय असं वाटावं. काच जवळ असल्याशिवाय त्यांना गाडीत बसल्यासारखं वाटत नव्हतं. आधी त्यांनी ब्रेकचं बटण विचारलं, ते दाबून पाहिलं. मग विचारलं, ‘हॉर्न कुठी हाये?’

‘सर, यात हॉर्न नसतो.’

‘हॉर्न नाही? आन् वळणावर समोरून कोनी आलं तं?’

‘सर, समोरून कोणी येत नाही. सगळे एकाच बाजूला पळतात.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असल्या रस्त्यावर गाडी चालवायला शिकवणाऱ्या कॉलेजबद्दल त्यांच्या मनात पहिली शंका तिथे आली असावी. शर्यत सुरू झाली. बाकीच्या अकरा गाड्या सुसाट गेल्या. बाबांनी त्यांना जाऊ दिलं. ‘जाऊ द्या, घाई हाये त्यायले,’ म्हणत त्यांनी आपली गाडी चाळीसच्या वेगानं काढली. परदेशातल्या त्या चकचकीत ट्रॅकवर, जिथे तीनशेच्या वेगाची सवय, तिथे आमची गाडी आठची चिखलदरा असल्यासारखी निघाली. विक्रेत्यानं ओठ दाबून धरले होते. पण पहिलं डावं वळण आलं आणि गाडी डावीकडच्या भिंतीला घासली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला सरळ रस्त्यावरच हळूहळू डावीकडे सरकत खडीत जाऊन थांबली. बाबांनी हात काढून घेतले आणि उठले. ‘डावीकडे ओढते. अलाइनमेंट गेलं हाये याचं.’

विक्रेता म्हणाला, ‘सर, लॅपटॉपला अलाइनमेंट नसतं.’

‘म्हूनच तं ओढते,’ बाबा म्हणाले आणि दाराबाहेर पडले.

दुसऱ्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप, दुसरा विक्रेता, पण निकाल तोच. डावीकडे ओढते. तिथे तर बाबांनी मशीन उलटं करून खालचे रबराचे चार पाय समान आहेत का तेही बोटानं चाचपून पाहिलं. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी म्हणालो, ‘बाबा, मशीन नाही ओढत, तुमाले सवय नाही बटनाची.’ त्यांना तो मुद्दा पटला. बटणं दाबून गाडी चालवणं हे मुळातच त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. ‘स्टेरिंग लावलेलं कुठी भेटते का ते पाय,’ ते म्हणाले.

स्टिअरिंग होतं ते अकोल्याला, इरफानभाईकडे. होस्टेलच्या पोरांत इरफानभाईचं नाव होतं. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एवढंसं दुकान, खाली त्यांच्या वडिलांची शिलाई मशीन दुरुस्तीची गादी, वर लाकडी जिन्यानं चढून गेलं की इरफानभाई आणि त्यांचे उघडे पडलेले कॉम्प्युटर. कोणत्या मशीनवर कोणता खेळ किती चालेल हे ते नुसतं मशीन उचलून, मागे हात लावून, किती गरम झालं ते पाहून सांगत. त्यांनी माझ्या यादीवर नजर टाकली, हसले, आणि बाबांच्या देखत मला विचारलं, ‘सिम्युलेशन है ना?’ मी मान हलवली. त्यांनी माझी अब्रू राखली, हे उपकार मी विसरलो नाही.

लॅपटॉप त्यांनी निवडून ठेवलेलाच होता. जाडजूड, वजनानं पायलीभर ज्वारीएवढा, पण कार्ड वेगळं आणि पंखा असा की सुरू झाला की टेबलावरचे कागद उडावेत. तो आवाज ऐकून बाबा पहिल्यांदा खूश झाले. ‘इंजिन दमदार हाये.’ मग इरफानभाईंनी टेबलाच्या कडेला स्टिअरिंग स्क्रूनं आवळून बसवलं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ठेवले. बाबांच्या दोन्ही हातांत मिळून ते स्टिअरिंग दिसेना. ‘हे स्टेरिंग हाये का चहाची बशी?’ असं म्हणाले खरं, पण बसले ते असे ताठ बसले की मला वाटलं आता मागे वळून विचारतील, सगळे चढले का.

आणि त्यांनी गाडी काढली. काय सांगू, सुंदर काढली. वळणाआधी वेग सोडणं, वळणातून बाहेर पडताना हळूच पाय देणं, हे जे आम्ही पोरं महिनोन् महिने शिकत होतो ते त्या माणसाच्या तळपायात आधीच होतं. उजवी वळणं तर त्यांनी अशी घेतली की इरफानभाई ‘वा, चाचा’ म्हणाले. मला अभिमान वाटला. आणि मग डावं वळण आलं, गाडी भिंतीला. पुन्हा सुरू केली, पुन्हा भिंतीला. खाली गादीवरचे म्हातारे अब्बाही काय गंमत चालली आहे ते पाहायला जिना चढून आले. मी मोजत होतो. इरफानभाईही मोजत होते. ‘अकरावी बार ठोकली, चाचा. आपल्या दुकानाचा रेकॉर्ड हाये.’ आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, ‘हेबी ओढते रे बापा. दुनियेतल्या साऱ्याच गाड्या डावीकडे ओढून राह्यल्या.’

इरफानभाईंनी स्वतः बसून एक चक्कर मारली. गाडी सरळ गेली. मग मी बसलो. सरळ गेली. बाबा पुन्हा बसले. हसणं अजून पुरतं थांबलं नव्हतं.

‘च्या सांगतला होता ना तुमी?’ बाबांनी गाडी थांबवून विचारलं. ‘किती टाइम?’

चहाचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी होता, वीतभर अंतरावर. पाच मिनिटांपूर्वी इरफानभाईंनीच तो तिथे ठेवला होता आणि त्यातून वाफ निघत होती. मला वाटलं बाबा मजा करताहेत. इरफानभाईंनाही आधी तसंच वाटलं. मग त्यांचं हसू गेलं. स्क्रू आवळले होते तो लांब पेचकस त्यांनी टेबलावरून उचलला, बाबांच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, ‘चाचा, नजर सामने. हा दिसला की बोला.’ पेचकस त्यांनी डाव्या कानामागून हळूहळू पुढे आणला. कानापुढे आला. गालासमोर आला. बाबा समोर बघत शांत बसले होते. पेचकस जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा म्हणाले, ‘हां, आता दिसला.’ उजवीकडून आणला तेव्हा लगेच म्हणाले, ‘दिसला.’

‘माझ्या अम्मीले असंच झालं होतं,’ इरफानभाई हलक्या आवाजात म्हणाले. ‘समजतच नाही मानसाले. हळूहळू जाते.’

 एका क्षणात मला आठवलं की गेले पाच-सहा महिने बाबा जेवताना एकच तक्रार करत होते: आपली गाडी डावीकडे ओढते, तीनदा वर्कशॉपला लावली, मेकॅनिकांनी चाकं खोलली, काही सापडलं नाही. मेकॅनिकांना त्यांनी घरी बसून शिव्या घातल्या होत्या आणि आईनं आणि मीही त्यांचीच बाजू घेतली होती. चिखलदऱ्याचा घाट चढताना एका बाजूला डोंगर असतो. उतरताना त्याच बाजूला दरी असते की नाही, हे मी मनात वळणावळणानं आठवू लागलो आणि मला ते धड आठवेना. पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांतून डावीकडचं दिसणं बरंच गेलेलं. उरलं ते औषधानं टिकलं. आज मी दर वर्षी डोळे तपासून घेतो आणि डॉक्टर एकेका डोळ्यावर हात ठेवायला सांगतात तेव्हा मला तो पेचकस आठवतो. पण त्या दिवशी, त्या माडीवर, इरफानभाईंनी पेचकस परत टेबलावर ठेवला. म्हातारे अब्बा गुपचूप जिना उतरून गेले.

बाबांनी चहा संपवला. स्टिअरिंगवरून एकदा अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, ‘गाडीत दोष नाही. घेऊन टाक.’

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला, मांडीवर लॅपटॉपचा खोका घेऊन. खरं सांगायचं तर मला त्या खोक्याचा आनंदही होत होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. एकोणिसाव्या वर्षी माणसाच्या मनात दोन्ही मावतात. अकोट मागे पडल्यावर बाबा म्हणाले, ‘आईले आज काही सांगू नको.’ मी विचारलं, ‘आन् उद्या?’ त्यांनी खिडकीची काच वर सरकवली. वाटेत एका फाट्यावर शांत, नीट टोप्या घातलेली माणसं चढली. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला काकांची आठवण आली. सीट सुटली की भत्ते सुटणार, हलकं काम मिळणार ते कमी पगाराचं. निवृत्तीला दीडच वर्ष होतं. गप्प बसणं काही फार अवघड नव्हतं, आणि ते अवघड नाही हेच मला भीतीदायक वाटत होतं.

घरी आईनं खोक्याला हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, ‘ट्रायल घेतली का?’ बाबा म्हणाले, ‘अकरा वेळा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी रोजच्यासारखी खाकी घातली, बिल्ला लावला. आईनं डबा भरला. मी दारात उभा राहिलो. त्याआधी मी बाबांना आयुष्यात कधी अडवलं नव्हतं. ‘बाबा, आज नका जाऊ.’

आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं. बाबांनी चपला घातल्या. उजवी, मग डावी. डावी पायानं चाचपडून शोधली, आणि हे मी त्याआधीही पाहिलं असणार. ‘चालवाले नाही जाऊन राह्यलो,’ ते म्हणाले. ‘सांगाले जाऊन राह्यलो. चाल सोबत. अन् डाव्या बाजूनं चाल.’

आगारात आठच्या गाडीची वेळ होत आली होती. फलाटावर शाळेची पोरं आणि बाजाराच्या टोपल्या घेतलेल्या बाया उभ्या होत्या. आगारप्रमुख साहेब भला माणूस होता. बाबांनी रात्री कधीतरी लिहून ठेवलेला अर्ज त्यानं दोनदा वाचला आणि बाबांना बसायला सांगितलं. बाबा उभेच राहिले. साहेब म्हणाला, ‘सत्तावीस वर्षांत तुमच्या नावावर एक ओरखडा नाही. एकदा हे मी पुढे पाठवलं की सीट परत नाही मिळायची. घरी विचारलं का? नीट विचार केला का?’

‘साहेब,’ बाबा म्हणाले, ‘काल अकोल्यात मी अकरा वेळा गाडी ठोकली.’

साहेब खुर्चीतून उठलाच. ‘कोणती गाडी? किती माणसं होती?’

‘मानसं नव्हती गाडीत,’ बाबा म्हणाले. ‘म्हून तं आमी सारे हसून राह्यलो होतो.’

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो खाली बसला आणि आठच्या चिखलदऱ्यावर दुसरा ड्रायव्हर पाठवा, असं सांगायला त्यानं फोन उचलला.